दळणार कोण?

‘परवडणे’ हे क्रियापद मराठी घरात दिवसातून दहा वेळा उच्चारले जाते. त्याचा अर्थ मात्र कोणी कोणाला विचारीत नाही. भाजी परवडत नाही, प्रवास परवडत नाही, घराला रंग काढणे यंदा परवडत नाही. आमचा कानडी शेजारी एखादी गोष्ट चालण्यासारखी असली की ‘परवागिल्ल’ म्हणतो. आम्हा बेळगावकरांच्या कानाला हे दोन शब्द इतके जवळचे वाटतात की बाजारात एकाने केलेल्या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा दुसऱ्याने देऊन मोकळे होता येते. पण थोडा विचार केला तर लक्षात येते की ‘परवडते’ म्हणताना आपण हिशेब करतो तो फक्त आपल्या खिशाचा. वस्तूच्या किमतीचा एक भाग पुष्कळदा खिशाबाहेर, कोणाच्या तरी दंडातून आणि मनगटातून वसूल होत असतो. तो भाग हिशेबात धरायचा की नाही? मला हा प्रश्न पडला तो एका अगदी क्षुल्लक खरेदीच्या निमित्ताने. घरच्या घरी कॉफीचे बी दळण्यासाठी एक चक्की घ्यायची होती, आणि ती परवडणारी हवी होती.

चहा घरात आणि कॉफी हॉटेलात, अशी आमच्याकडे पूर्वापार वाटणी आहे. देशातल्या कॉफीपैकी सुमारे सत्तर टक्के कर्नाटकात, म्हणजे मुख्यतः कोडगू, चिक्कमगळूरू आणि हासन या जिल्ह्यांत पिकते. पण मराठी स्वयंपाकघरात ती आली ती बाटलीतल्या विरघळणाऱ्या पुडीच्या रूपाने, पाहुण्यांपुरती. अलीकडे चित्र पालटले. १९४२च्या कायद्यानुसार मळेवाल्याला आपले पीक कॉफी बोर्डाच्या एकत्रित साठ्यात द्यावे लागे. तेथे सगळ्यांचे बी एकमेकांत मिसळून जाई. १९९२पासून हे बंधन टप्प्याटप्प्याने सैल होत गेले आणि १९९६मध्ये मळेवाला आपला माल विकायला पूर्ण मोकळा झाला. आता मळ्याचे नाव, डोंगराची उंची, बी वाळवण्याची रीत, भाजल्याची तारीख असे सगळे छापलेली पाव किलोची पिशवी टपालाने दारात येते. माझ्या मुलाने अशी एक पिशवी मागवली आणि आत अख्खे बी निघाले. अख्खे अशासाठी की भाजलेले बी काही आठवडे आपला वास धरून ठेवते. दळले की तो उडू लागतो, आणि चार दिवसांनी पुडीत रंग आणि कडवटपणा यांखेरीज फारसे काही उरत नाही. तेव्हा दळणे भाग होते.

पहिला सल्ला अर्थातच मिक्सरचा. घरात आहेच, चटणीचे लहान भांडे लावा, फिरवा. पण मिक्सर दळत नाही. मराठी बायकांनी या क्रियांना किती नेमकी नावे दिली आहेत पाहा. कुटणे वेगळे, कांडणे वेगळे, चिरणे वेगळे, भरडणे वेगळे आणि दळणे वेगळे. मिक्सरचे पाते चिरते. बी जसे समोर येईल तसे कापीत सुटते. जे दहा वेळा पात्याखाली आले त्याची धूळ होते आणि जे कडेला उडून बसले त्याचे तुकडे तसेच राहतात. वर गरम पाणी ओतले की धुळीतून नको ते सगळे उतरते आणि कॉफी कडू होते, तर जाड तुकड्यांतून हवे ते उतरतच नाही आणि ती आंबूस, पाणचट लागते. एकाच पेल्यात हे दोन्ही दोष सुखाने नांदतात. दुकानदार ज्याला ‘बर ग्राइंडर’ म्हणतो त्याचे तत्त्व निराळे आहे. त्यात दोन दातेरी पृष्ठभाग असतात, एक स्थिर आणि एक फिरता. दोहोंमध्ये आपण ठरवू तेवढी फट. त्या फटीतून जाण्याइतका बारीक झाल्याशिवाय कण बाहेर पडत नाही, आणि एकदा पडला की पुन्हा आत जात नाही. म्हणजेच जाते. फक्त दगडाच्या जागी पोलाद किंवा सिरॅमिक, आणि आडव्या चकत्यांच्या जागी बहुधा एकात एक बसणारे शंकू.

पोसिडोनिअस नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाचे एक मत रोमन विचारवंत सेनेका याने आपल्या एका पत्रात नोंदवून ठेवले आहे. माणसाने जाते शिकले ते स्वतःच्या तोंडाकडे पाहून: एक दंतपंक्ती स्थिर, दुसरी हलणारी. सेनेकाला हे पटले नव्हते असे नाही. त्याची हरकत एवढीच की असल्या हातकामाच्या शोधांचे श्रेय शहाण्यांना कशाला द्यायचे! तत्त्वज्ञाला जाते शोधल्याचा मान नको होता. जाते ओढण्याचा तर प्रश्नच नव्हता.

पण हे सगळे जिभेचे चोचले नव्हेत काय, असा आक्षेप कोणी घेईल. फरक खरा आहे की मनाचा खेळ? डेव्हिड ह्यूमने १७५७च्या आपल्या अभिरुचीवरील निबंधात ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट वापरली आहे. दोघांना पिंपातली दारू चाखायला देतात. एक म्हणतो, उत्तम, पण किंचित चामड्याची चव आहे. दुसरा म्हणतो, लोखंडाची. सारे हसतात. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडते. तेव्हा सूक्ष्म चव म्हणजे सोंग, असे सरसकट म्हणता येत नाही. मात्र फरक खरा असला म्हणजे त्यासाठी कितीही मोजावे, असेही त्यातून निघत नाही. ती पायरी ह्यूम चढलेला नाही. ती आपली आपण चढायची असते.

म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्या घरात पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमध्ये चिकोरी घातलेली पूड भरून दाट काढा उतरवतात आणि त्यात तेवढेच दूध व दोन चमचे साखर घालतात, त्या घराने चक्कीच्या भानगडीत पडू नये. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ. आपल्याकडे मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे उरलेले जवळजवळ निम्मे हे मूळ असू शकते. ते काढ्याला रंग आणि अंग देते, आणि दळण्यातले बारकावे झाकून टाकते. अशांनी कॉफीपुडीच्या दुकानातून आठवड्यापुरते, डोळ्यांसमोर दळून घ्यावे. दुकानातल्या मोठ्या चक्कीइतके समान दळण घरगुती यंत्राला सहसा साधत नाही, आणि त्या पाच मिनिटांत दुकानभर पसरणारा वास फुकट मिळतो. चक्कीचा प्रश्न ज्याला बिनचिकोरीची, बहुधा बिनदुधाची कॉफी हवी त्याचा आहे. माझ्या मुलाला ती लागली, आणि त्याच्या नादाने मलाही.

आता भाव. ते सतत हलत असतात. पण साधारण असे की सिरॅमिक दात्यांची साधी हातचक्की दीड-दोन हजारांत येते, चांगल्या पोलादी दात्यांची हातचक्की पाच-सात हजारांत, आणि तितकेच समान दळणारे विजेचे यंत्र पंधरा-वीस हजारांच्या घरात जाते. हारिओ या जपानी कंपनीच्या सिरॅमिक चक्क्या जुन्या, टाइममोर या चिनी कंपनीच्या पोलादी चक्क्या अलीकडच्या, आणि विजेच्यांत बाराट्झा कंपनीच्या ‘एन्कोर’चे नाव जाणकार वर्षानुवर्षे घेत आले आहेत. स्वस्त हातचक्कीचे दुखणे दात्यांत कमी आणि दांड्यात जास्त असते. मधला दांडा एकाच ठिकाणी धरलेला असला तर फिरवताना आतला शंकू डुगडुगतो. फट एका बाजूला अरुंद, दुसऱ्या बाजूला रुंद होते. आणि मग जाते असूनही मिक्सरचेच काम होते. म्हणून घेताना शंकू बोटाने हलवून पाहावा. दांडा वर आणि खाली अशा दोन ठिकाणी बेअरिंगमध्ये बसवलेला असला तर तो हलत नाही. फट लहानमोठी करण्याच्या खटक्यांतील अंतर जितके कमी तितके बरे. दळलेले चिमूटभर कोऱ्या कागदावर पसरून पाहिले की बाकीची जाहिरात वाचावी लागत नाही. तीन-चार हजारांतली विजेची यंत्रे मी पाहिली. त्यांतल्या कित्येकांत दातेरी चकती असते खरी, पण ती बी कापण्याऐवजी चेंगरते. नाव जात्याचे, काम उखळाचे.

आता हातचक्की स्वस्त का, हे पाहू. विजेच्या यंत्रात पैसा मोटारीत जातो, तिचा वेग उतरवणाऱ्या चक्रांत जातो, पेटीत, बटनात, वायरीत जातो. दात्यांच्या वाट्याला थोडाच उरतो. हातचक्कीत जवळजवळ सगळा पैसा दात्यांवर आणि दांड्यावर खर्च होतो, कारण मोटार आपण स्वतः असतो. त्याच दर्जाच्या दळणातला हा दहा हजारांचा फरक कंपनीने दिलेली सूट नव्हे. ती आपल्या हाताची मजुरी आहे.

हे मी घरात मोठ्या उत्साहाने मांडले तेव्हा आमच्या सौ.नी शांतपणे विचारले, “अहो, पण दळणार कोण?”

सबंध विषयातला खरा प्रश्न एवढाच आहे, असे माझे मत झाले आहे. दोन हजारांची की सहा हजारांची, सिरॅमिक की पोलाद, हे सगळे त्यानंतरचे. आमच्या घरात सकाळी कॉफी पिणारे चौघे. प्रत्येकी पंधरा ग्रॅम धरले तर साठ ग्रॅम बी. हातचक्कीत एका वेळी वीस-पंचवीस ग्रॅम मावते, तेव्हा तीनदा भरायची. पोलादी दाते असतील तर दर खेपेला मिनिट-दीड मिनिट, सिरॅमिकचे असतील तर याच्या दुपटीहून जास्त. पाच मिनिटे धरू. वर्षाचे तीस तास झाले. पाच मिनिटे म्हटले की कोणालाही परवडतात. तीस तास म्हटले की माणूस इकडे तिकडे पाहू लागतो, आणि घरात इकडे तिकडे पाहिल्यावर जे दिसते ते बहुधा कोणीतरी बाईमाणूसच असते.

जाते कोणी ओढले, हे आपल्याला सांगावे लागत नाही. खानापूर आणि चंदगडकडच्या गावांतून नाचणी नि तांदूळ पहाटे दळले जात. खुंट्याला दोघी लागल्या तर जड काम हलके होई, एकटीला मात्र दंड भरून येईपर्यंत ओढावे लागे. डाव्या हाताने वैरण घालायची, उजव्याने ओढायचे, आणि तोंडाने ओवी. हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या; जगातल्या कोणत्याही श्रमाने एवढे काव्य दिले असेल की काय याची शंकाच आहे. पण गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी जात्यासाठी अश्रू ढाळले नाहीत. डोक्यावर डबे घेऊन मैल-मैल चालत त्या गिरणीला गेल्या. ओव्यांचे काय होईल याची चिंता नंतर, ज्यांनी कधी खुंटा धरला नव्हता त्यांनी केली. (यात मीही आलो, आणि ती चिंता खोटी नव्हती. पण क्रम लक्षात ठेवावा.)

हा आनंद फार जुना आहे. अँटिपेटर नावाच्या ग्रीक कवीने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पाणचक्कीवर एक लहानसे काव्य लिहिले. त्याचा आशय असा, की दळणाऱ्या बायांनो, आता कोंबडा आरवला तरी झोपून राहा. तुमच्या हातांचे काम देवीने जलकन्यांवर सोपवले आहे. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात हे काव्य उद्धृत केले आणि त्यावर कडवट शेरा मारला. यंत्र हेच कामाचा दिवस लांबवण्याचे सर्वांत खात्रीचे साधन आहे, हे त्या बिचाऱ्या प्राचीनांना कळले नव्हते म्हणे. मार्क्सचे म्हणणे कारखान्यापुरते खरे आणि घराच्या बाबतीतही पुष्कळसे खरे. गिरणीने वाचवलेले दोन तास आमच्या आया-मावश्यांना झोपायला मिळाले, असे मला आठवत नाही.

माझी ऐंशी ओलांडलेली मावशी आमच्याकडे आली असताना मुलाने तिला ही हातचक्की कौतुकाने दाखवली. तिने ती उलटसुलट केली, दात्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाली, “आम्ही जे टाकून सुटलो ते तू पैसे देऊन आणलंस की रे.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरोखर नवल वाटले होते. हीच गोष्ट जरा कठोर शब्दांत मांडणारेही आहेत. ते म्हणतात, सक्तीच्या कष्टांचा छंद करणे ही त्या कष्टांची थट्टा आहे. गरिबाच्या फाटक्या कपड्यांची फॅशन करण्यासारखेच. शहरातला पुरुष सकाळी पाच मिनिटे चक्की फिरवतो, त्याला साधना म्हणतो, आणि त्याच्या आजीने तेच आयुष्यभर केले तेव्हा त्याला काहीच नाव नव्हते.

मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. कष्ट आणि छंद यांतला फरक हाताच्या हालचालीत नसतो, तो हात थांबवण्याच्या मुभेत असतो. मावशीने एके दिवशी दळले नसते तर घर उपाशी राहिले असते. मुलाने नाही दळले तर घरात चहा होतो. थांबण्याची मुभा असणे हे पाप नव्हे. ती सगळ्यांनाच असावी. थट्टा सुरू होते ती, आपण थांबल्यावर आपल्या जागी कोणीतरी थांबता न येणारा उभा केला की. नेमकी येथेच ‘परवडणारी’ चक्की फसवी असते.

गांधीजींच्या आत्मकथेत एक प्रसंग आहे. जोहान्सबर्गच्या घरात त्यांनी पाव विकत आणणे बंद केले आणि हाताने दळलेल्या पिठाची भाकर करायची ठरवली. त्यासाठी सात पौंड देऊन लोखंडी जाते आणले. त्याचे चाक एकट्याला जड, दोघांना सोपे. ते स्वतः, त्यांचे मित्र पोलाक आणि मुले मिळून ते फिरवीत. कस्तुरबाही अधूनमधून हात लावीत, पण दळण्याची ती वेळ त्यांच्या स्वयंपाकाला लागण्याची होती, असेही गांधी नोंदवतात. ‘साध्या’ राहणीचा खर्च सात पौंड हा मला या प्रसंगातला सर्वांत प्रामाणिक तपशील वाटतो. त्या खालोखाल, घरातल्या पुरुषाने त्या चाकाला हात घातला हा. ज्याला हव्यास त्याने दळावे. (त्यांनी पुढे ‘आरोग्याची किल्ली’मध्ये चहा-कॉफी दोन्ही अनावश्यक ठरवली. तेव्हा माझ्या चक्कीसाठी त्यांना साक्षीला बोलावणे तसे आगाऊपणाचेच आहे.)

आता आपल्या घरांकडे येऊ. धुणेभांड्यांना येणाऱ्या बाई सकाळी सातला आल्या, मालकाचे वर्तमानपत्र चालू आहे, आणि ओट्यावर चक्की. “मावशी, जाता जाता एवढं फिरवून द्या हो.” किती सहज तोंडात येणारे वाक्य! महिन्याचा पगार ठरलेला. त्यात ही पाच मिनिटे कोणी मोजत नाही. वर्षाचे तीस तास त्या बाईंच्या मनगटातून गेले आणि मालक मित्रांना सांगतो की हातचक्की फार परवडली. पुष्कळ घरांत त्या बाईंना मिळतो तो चहा, तोही निराळ्या कपात. ज्या बियांचा मळा, उंची आणि भाजल्याची तारीख मालकाला पाठ आहे ते दळून देणारीने त्याची चव कधी पाहिलेलीच नसते. आपल्याकडे कितीतरी यंत्रे घरात उशिरा आली. कारण ती महाग होती, असे आपण म्हणतो. खरे तर त्यांच्या तुलनेत हात स्वस्त होते. अशा घरात पंधरा-वीस हजारांचे विजेचे यंत्र ही उधळपट्टी नव्हे. तेथे तेच स्वस्त, कारण त्याची सगळी किंमत ज्याची हौस त्याच्या खिशातून जाते.

संधिवाताच्या माणसाचेही तसेच. हलके भाजलेले बी चांगलेच कठीण असते. ते हाताने दळताना चक्की गुडघ्यांत धरावी लागते आणि खांद्यापर्यंत कळ जाते. घरात दुसरे कोणी नसेल तर त्याने निःशंक विजेचे घ्यावे, नाहीतर दुकानातून दळून आणावे. हाताने केले म्हणून कॉफी पवित्र होत नाही. आठ-दहा पाहुणे आले की आम्हीही सरळ चहा टाकतो.

आम्ही शेवटी पोलादी दात्यांची हातचक्की घेतली. सहा हजारांच्या आतबाहेर पडली. मुलाला ती स्वस्त वाटली, मला महाग, सौ.ना दोन्ही नाही. त्यांची अट एकच होती, आणि ती चक्कीचा खोका उघडण्याआधी मान्य झाली. पिणारा दळेल. सोमवार-मंगळवार माझे, नंतरचे दोन दिवस मुलाचे, मग सूनबाईंचा एक, आणि सौ.चा शनिवार, कारण शनिवारी त्यांना लवकर उठायचे नसते आणि मग त्या दळत नाहीत, चहा करतात. रविवारी बारा वर्षांचा नातू दळतो. त्याला कॉफी मिळत नाही, त्यामुळे नियमात हा अपवाद कसा बसवायचा यावर घरात वाद आहे. तो म्हणतो की त्याला आवाज आवडतो.

एक बाब राहिली होती. जात्याला टाकी लावून घ्यावी लागे. पोलादी दात्यांना वर्षानुवर्षे काही लागत नाही. मात्र त्यांत अडकलेली पूड आठवड्याने कोरड्या ब्रशने झाडावी लागते, पाणी लावून चालत नाही, आणि झाडताना ती ओट्यावर सांडते ती सांडतेच. दळण्याच्या पाळ्या ठरवताना झाडण्या-पुसण्याचा विषय कोणी काढला नव्हता. तो गेल्या आठवड्यात सूनबाईंनी काढला, आणि आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याचा वेगळा रकाना आखला आहे.